गुपित नेमकं कुणापासून? युद्धातला सरकारी दुटप्पीपणा समजून घेताना

व्हिएतनाम युद्ध चालू होतं. ३० एप्रिल १९७० च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन टीव्हीवर आले. अमेरिकन सैन्य कंबोडियात शिरणार आहे, हे त्यांना देशाला सांगायचं होतं. कंबोडिया तटस्थ देश होता, पण सीमेलगतच्या त्याच्या जंगलात व्हिएतनामी कम्युनिस्टांनी तळ ठोकले होते. आजवर आपण किती संयम पाळला, हे सांगताना निक्सन म्हणाले की गेल्या पाच वर्षांत अमेरिकेने या तळांविरुद्ध पाऊल उचललेलं नाही, कारण एका तटस्थ देशाच्या हद्दीचा भंग करायची आपली इच्छा नव्हती.

ते हे बोलत होते तेव्हा अमेरिकेची बी-५२ विमानं त्याच तळांवर तेरा महिने बॉम्ब टाकत होती.

मार्च १९६९ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'मेन्यू'. पहिल्या लक्ष्याला नाव दिलं 'ब्रेकफास्ट'. मग लंच, डिनर, सपर, स्नॅक आणि डेझर्ट. चौदा महिन्यांत विमानांच्या साडेतीन हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या आणि एक लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. ही नावं ज्याला सुचली त्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं. हे मला आकड्यांइतकंच बोचतं.

एवढी मोठी गोष्ट लपवली कशी, हे बघण्यासारखं आहे. विमानं उडायची ती दक्षिण व्हिएतनाममधल्या लक्ष्यांसाठी. कागदोपत्री सगळं तसंच. जमिनीवरून विमानांना रडारने दिशा देणारी जी केंद्रं होती, त्यातल्या एका केंद्रावर हॅल नाइट नावाचे मेजर होते. दुपारी सायगावहून एक बंद पाकीट त्यांच्या हातात पडायचं. त्यात कंबोडियातल्या जागांचे अक्षांश-रेखांश. रात्री विमानं आली की त्यांना त्या नव्या जागी वळवायचं, बॉम्ब पडले की सकाळी पाकिटातले सगळे कागद जाळून टाकायचे आणि अहवालात मूळ, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या लक्ष्यावरच हल्ला झाल्याचं लिहायचं. किती इंधन लागलं, किती बॉम्ब वापरले, सगळ्याचा हिशेब चोख. फक्त जागा खोटी. हेच खोटे अहवाल पुढे अमेरिकन सिनेटच्या समितीपुढेही गेले. १९७३ मध्ये नाइट यांनी एका सिनेटरला पत्र लिहिलं, समितीपुढे साक्ष दिली, आणि मग हे सगळं अधिकृतपणे बाहेर आलं.

आता एक साधा प्रश्न. हे गुपित कुणापासून होतं?

ज्या गावांजवळ बॉम्ब पडत होते, त्या कंबोडियन शेतकऱ्यांना ते माहीत होतं. ज्यांच्यावर पडत होते त्या सैनिकांना माहीत होतं. हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सरकारला, माहीत होतं, पण हनोईचीही पंचाईत अशी की आपलं सैन्य कंबोडियात नाहीच, असं ते जगाला सांगत होते. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? शत्रूला ठाऊक, मार खाणाऱ्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते अमेरिकन मतदाराला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नेते सोडले तर तिथल्या लोकप्रतिनिधींना. मे १९६९ मध्ये एका वर्तमानपत्रात या हल्ल्यांची बातमी आली, तेव्हा सरकारने काय केलं, तर बातमी फोडली कुणी हे शोधायला आपल्याच अधिकाऱ्यांचे फोन चोरून ऐकायला सुरुवात केली.

पुढे १९७४ च्या जुलैत निक्सन यांच्यावर महाभियोग चालवायचा विषय आला, तेव्हा कंबोडियातली बॉम्बफेक लपवली हाही एक आरोप प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे होता. समितीने तो २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला. वॉटरगेटचे आरोप मात्र मंजूर झाले. विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी दडपणं हा गुन्हा ठरला, तटस्थ देशावर लाखभर टन बॉम्ब टाकून ते दडपणं ठरला नाही.

फसवणूक आणि ढोंग

युद्ध म्हटलं की लपवाछपवी आलीच, मग त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात.

जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं. त्याआधी कित्येक महिने त्यांनी इंग्लंडमध्ये एक अख्खी खोटी फौज उभी केली होती. हवा भरलेले रबरी रणगाडे, खोटे बिनतारी संदेश, सेनापती म्हणून जनरल पॅटन यांचं नाव. हल्ला फ्रान्समधल्याच कॅले भागात होणार असं जर्मनांना वाटावं म्हणून हा खटाटोप होता. नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावरही 'खरा हल्ला अजून यायचाय' या समजुतीने जर्मनांनी बरंच सैन्य कॅलेकडेच ठेवलं. ही शुद्ध फसवणूक होती, आणि ती दांभिकपणा नव्हती. फसवलं ते शत्रूला. हिटलरला हरवायचंय, हा उद्देश देशातल्या लोकांना जो सांगितला होता, तोच होता.

दांभिकपणा म्हणजे जो नियम दुसऱ्याला लावायचा, ज्याच्या नावाने लोकांकडून त्याग मागायचा, तोच नियम स्वतःच्या बाबतीत गुपचूप बाजूला ठेवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे शांततेच्या काळातही चालतंच. युद्धात फरक पडतो तो किमतीचा. शांततेत पुढाऱ्याच्या ढोंगापायी एखादा रस्ता होत नाही, युद्धात माणसं जातात. आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला एक आयतं हत्यार मिळतं: 'सीमेवर जवान मरताहेत आणि तुम्हाला हे सुचतंय?'

म्हणून माझी पहिली कसोटी अगदी साधी आहे. सरकार म्हणतं, राष्ट्राच्या सुरक्षेसाठी हे गुप्त आहे. ठीक. मग बघायचं की ही गोष्ट शत्रूला आधीच माहीत आहे का. असेल, तर ती सुरक्षेसाठी गुप्त नाही. ती आपल्यापासून गुप्त आहे.

सत्तर, वीस, दहा

सरकारं असं का वागतात? पुढारी वाईट असतात म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. युद्धाला कधीच एक कारण नसतं. मंत्रिमंडळात दहा जण दहा कारणांनी 'हो' म्हणतात. कुणाला व्यापाराची वाट हवी असते, कुणाला मित्रराष्ट्राला दिलेला शब्द राखायचा असतो, कुणाला पुढची निवडणूक दिसत असते, कुणाला खरंच एखाद्या छळल्या जाणाऱ्या लोकसमूहाची कणव आलेली असते. पण लाखो घरांतून मुलगा मागायचा तर ही सगळी भेळ चालत नाही. तिथे एकच आणि तेही सगळ्यांत उदात्त कारण पुढे करावं लागतं. ढोंगाचं बी तिथेच पडतं. सांगितलेलं कारण शंभर टक्के खोटं असतं असं नाही. ते असतं, फक्त छोटं असतं.

हे प्रमाण एका माणसाने चक्क टक्केवारीत मांडून ठेवलं आहे. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी आपल्या मंत्र्यांसाठी एक टिपण केलं. व्हिएतनाममध्ये आपला उद्देश काय? त्यांनी लिहिलं: ७० टक्के, अमेरिकेचा अपमानास्पद पराभव टाळणं. २० टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती पडू न देणं. १० टक्के, दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना अधिक चांगलं, अधिक मोकळं आयुष्य जगता यावं.

जाहीर भाषणांत काय होतं? तो शेवटचा १० टक्क्यांचा भाग. व्हिएतनामी जनतेचं स्वातंत्र्य. त्याच महिन्यात अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. आणि त्याआधी पाच महिने, १९६४ च्या निवडणूक प्रचारात, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ओहायोतल्या सभेत सांगितलं होतं की जे काम आशियाई मुलांनी स्वतः करायला हवं, ते करायला आम्ही अमेरिकन मुलांना घरापासून नऊ-दहा हजार मैल दूर पाठवणार नाही.

हे टिपण आपल्याला माहीत आहे, कारण संरक्षण खात्याने व्हिएतनामच्या निर्णयांचा जो गुप्त इतिहास लिहून घेतला होता, तो त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी बाहेर काढला आणि जून १९७१ पासून वर्तमानपत्रांनी छापला. सरकार छपाई थांबवायला न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. त्या कागदांत सैन्य उद्या कुठे जाणार हे नव्हतं, सगळा मजकूर १९६८ पर्यंतचा होता. शत्रूच्या कामाचं त्यात फारसं काही नव्हतं. मतदाराच्या कामाचं भरपूर होतं.

मला मॅकनॉटन यांचा राग येत नाही. उलट त्या इमारतीत निदान एक माणूस स्वतःशी प्रामाणिक होता, असंच वाटतं. खाजगीतला हा प्रामाणिकपणा जाहीर सभेपर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण.

स्वातंत्र्य, पण कुणाचं?

१४ ऑगस्ट १९४१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर दोघांची भेट झाली होती. सनदेच्या तिसऱ्या कलमात म्हटलं होतं की आपल्यावर कोणत्या प्रकारचं सरकार असावं हे निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क आम्ही मानतो.

सर्व लोकांचा. भारतात हे वाचणाऱ्यांनी साहजिकच विचारलं, मग आमचा? महिनाही उलटला नाही तोच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला: हे कलम मुख्यतः नाझींच्या टाचेखाली गेलेल्या युरोपातल्या देशांसाठी आहे. भारत, ब्रह्मदेश वगैरेंचा विषय वेगळा.

याची पार्श्वभूमी अशी. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं होतं, आणि ते करताना एकाही भारतीय नेत्याला किंवा विधिमंडळाला विचारलं नव्हतं. हुकूमशाहीविरुद्धचं युद्ध एका हुकमाने सुरू झालं. काँग्रेसने विचारलं, तुमची युद्धाची उद्दिष्टं काय, आणि ती आम्हाला लागू आहेत का? सरळ उत्तर मिळालं नाही, तेव्हा प्रांतांमधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नेत्यांची धरपकड झाली. तोवर भारतीय फौज वाढतच होती. युद्ध संपेपर्यंत ती जवळजवळ २५ लाखांवर गेली. ती आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढत होती, दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ याच काळातला. त्याची कारणं एका ओळीत मावत नाहीत. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, महागाई भडकली, वादळाने पिकं गेली. त्यात जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने १९४२ मध्येच बंगालच्या किनारी भागातल्या होड्या आणि जादा तांदूळ ताब्यात घेतला होता. नदीनाल्यांच्या मुलखात होडी गेली की मासेमारी गेली, बाजार गेला, शेतावर जाणं गेलं. मृतांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात. आणि या सगळ्यात 'दुष्काळ' कायद्याच्या अर्थाने कधी जाहीरच झाला नाही. दुष्काळ संहिता होती, तिच्यात भुकेल्याला किती अन्न द्यायचं हे लिहिलेलं होतं. जाहीर केलं की ते द्यावं लागणार, आणि द्यायला धान्य नाही. तेव्हा जाहीर करायचंच नाही. माणसं मरत होती, पण कागदावर दुष्काळ नव्हता.

दांभिकपणाचा हा सगळ्यांत थंड प्रकार. यात खोटं बोलावंही लागत नाही, एक विशिष्ट कागद काढायचा नाही, एवढंच पुरतं.

अमेरिकाही यात मागे नव्हती. जानेवारी १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी माणसाच्या चार मूलभूत स्वातंत्र्यांचं भाषण केलं, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्याच सहीच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना तारांच्या कुंपणात नेऊन ठेवलं. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्या कुंपणातून तरुण सैन्यात गेले, युरोपात लढले, पदकं मिळवली, आणि त्यांचे आईबाप कुंपणातच राहिले. माफी आणि प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले ते १९८८ च्या कायद्याने, हयात असलेल्यांना.

बोलण्याच्या हक्काबद्दल फार लिहीत नाही, एक उदाहरण पुरे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जगात लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून युद्ध पुकारलं. 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर निवडून येऊन त्यांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जून १९१८ मध्ये समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं. शिक्षा दहा वर्षं. १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांवर मतं घेतली. युद्ध संपलं होतं तरी विल्सन यांनी त्यांना सोडलं नाही. डिसेंबर १९२१ मध्ये सोडलं ते पुढच्या, वेगळ्या पक्षाच्या अध्यक्षांनी.

तीनशे डॉलर आणि उपवास

दुसरी कसोटी पैशाची आहे. युद्ध सगळ्या राष्ट्राचं आहे असं म्हणतात, तर मग सूट कुणाला आहे ते बघायचं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात मार्च १८६३ मध्ये उत्तरेच्या सरकारने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. त्यात पळवाट अशी की आपल्या बदली माणूस द्या किंवा ३०० डॉलर भरा, आणि मोकळे व्हा. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराची साधारण वर्षभराची कमाई. दक्षिणेत तर आधीच, ऑक्टोबर १८६२ मध्ये, सरकारने वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला लष्करातून सूट दिली होती. म्हणजे जी गुलामगिरी टिकवायला लढाई चालली होती, तिचे धनी घरी आणि ज्यांच्याकडे एकही गुलाम नाही ते शेतकरी आघाडीवर. 'श्रीमंताचं युद्ध, गरिबाची लढाई' असं दोन्हीकडचे लोक म्हणू लागले.

या ३०० डॉलरच्या बाजूनेही बोलण्यासारखं काही होतं, ते सांगायला हवं. समर्थक म्हणत, ही रक्कम ठरवल्यामुळे बदली माणसाचा भाव त्यावर जात नाही, म्हणजे मध्यम ऐपतीच्या माणसालाही सुटता येतं. हिशेब चुकीचा नव्हता. १८६४ मध्ये ही सोय बहुतेकांसाठी बंद झाली तेव्हा बदली माणसाचा भाव खरंच चढला. पण जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या गोदीत राबणाऱ्याला हा हिशेब कोण समजावणार? भरतीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि शहर पेटलं. चार दिवस दंगल चालली, शंभरावर माणसं मेली. आणि राग निघाला कुणावर? ३०० डॉलर भरणाऱ्यांवर थोडा, पण सगळ्यांत जास्त काळ्या लोकांवर. त्यांना रस्त्यात गाठून मारलं, त्यांच्या मुलांचं अनाथाश्रम जाळलं. वरच्यांच्या दुटप्पीपणाचा हिशेब खालचे खालच्यांकडूनच वसूल करतात, हे तिथे उघड दिसलं.

त्याच वर्षीच्या वसंतात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला या विषयातली सगळ्यांत अवघड जागा वाटते. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी २७ मार्च १८६३ हा उपवास आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांनी ३० एप्रिल. एकाच देवापुढे, एकाच धर्मग्रंथातून, दोन्ही सरकारांनी लोकांना गुडघे टेकायला सांगितलं. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्यासोबत' असं कोरलेलं होतं, आणि पलीकडच्या खंदकातही पाद्री त्याच देवाच्या नावाने आशीर्वाद देत होते. ऑगस्ट १९१७ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही निरर्थक कत्तल थांबवा असं सगळ्या सरकारांना कळवलं. दोन्ही बाजूंना देव हवा होता, पण देवाचा माणूस मधे बोलला तेव्हा प्रत्येकाने तो पलीकडच्यांना सामील आहे असं ठरवलं.

पुढाऱ्यांचं ढोंग समजतं. माझी अडचण पुढाऱ्यांपाशी संपत नाही. युद्धाच्या बातम्या चालू असताना मीही हात जोडले आहेत. आपली माणसं सुखरूप परत येऊ देत, एवढंच मागितलं. पण आपली माणसं सुखरूप याचा रणांगणावरचा अर्थ काय होतो, हे न कळण्याइतका मी लहान नाही. तिकडे कुणीतरी हेच मागत असणार, त्याच श्रद्धेने. मग ऐकणाऱ्याने काय करायचं? तो एक बाजू घेत असेल, तर तो आमच्या संरक्षणमंत्र्यापेक्षा मोठा कसा? आणि घेत नसेल, तर मी बोलतोय ते कुणाशी?

यावर जाणत्या माणसांनी मला दिलेलं उत्तर असं की देव धर्माच्या बाजूने असतो. इथे मला युधिष्ठिर आठवतो. द्रोणांना हरवता येत नव्हतं, म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि मुलगा मेल्याची हूल उठवली. द्रोणांनी खात्री करायला युधिष्ठिरालाच विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही हे शत्रूलाही माहीत होतं. तो 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने म्हणाला आणि 'नरो वा कुंजरो वा' हे पुटपुटला. आजवरच्या सगळ्या सरकारी प्रवक्त्यांचा तो आद्यगुरू म्हणायला हरकत नाही: शब्द खरे, सांगणं खोटं. पण लहानपणापासून मला खुपतं ते वेगळंच. ही युक्ती सुचवली ती सारथ्य करणाऱ्या देवाने. शिक्षा म्हणून जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला तो युधिष्ठिराचा. कथा सांगणाऱ्यांनी निदान ती चार बोटं हिशेबात धरली, याचं मला बरं वाटतं. युक्ती सुचवणाऱ्याचं काय, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. लीला आहे, असं म्हणतात. हाच शब्द एखाद्या मंत्र्याने चौकशी समितीपुढे वापरला असता तर आपण हसलो असतो.

लिंकन यांनी मार्च १८६५ मध्ये, युद्ध जिंकत आलेलं असताना, दुसऱ्यांदा शपथ घेताना म्हटलं की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि दोघांच्या प्रार्थना फळाला येणं शक्य नव्हतं, कुणाचीच पूर्ण फळाला आली नाही. जिंकणाऱ्याने देव आपल्या बाजूला होता असं न म्हणण्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत. माझी शंका त्याने फिटत नाही. पण शंका घेऊनही माणूस सरकार चालवू शकतो, एवढं त्यातून दिसतं.

मग ढोंग नकोच का?

शेवटी एक उलटा मुद्दा, कारण 'सगळेच ढोंगी' म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

ढोंग न करणारी सत्ता कशी दिसते, याची एक जुनी नोंद आहे. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सचं आरमार मेलोस नावाच्या छोट्या बेटावर गेलं. शरण या, एवढीच मागणी. मेलोसचे लोक न्यायाची भाषा करू लागले. त्या काळच्या इतिहासकाराने रंगवलेल्या संवादात अथेन्सचे दूत म्हणतात, ते राहू द्या, न्याय हा बरोबरीच्यांमध्ये असतो, बलवान जमेल ते करतो आणि दुबळा सोसतो. मेलोसवाल्यांनी देवांवर भरवसा असल्याचं सांगितलं, तर दूत म्हणाले, देवांचाही कायदा हाच असावा असं आम्हाला वाटतं. वेढा पडला, बेट पडलं. अथेन्सने हाती लागलेले सगळे प्रौढ पुरुष मारले आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं. यात दांभिकपणाचा लवलेश नव्हता. बोलले तेच केलं.

म्हणजे खोटेपणा नसणं पुरेसं नाही. उलट सरकार जेव्हा एखादं मोठं तत्त्व तोंडाने उच्चारतं, मग मनात नसेना का, तेव्हा ते आपल्या हातात काहीतरी देऊन बसतं. अटलांटिक सनदेचं तेच झालं. चर्चिल यांनी कितीही खुलासे केले तरी छापलेलं 'सर्व लोक' पुसता आलं नाही. १९४३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने ती सनदच कलमवार घेतली, तिचा आपल्या लोकांसाठी अर्थ लावला आणि त्यावर आपल्या मागण्या बांधल्या. मेलोसच्या लोकांना असं करता आलं नसतं. त्यांना धरायला अथेन्सने काही ठेवलंच नव्हतं.

धरून ओढलं तर किती हाती लागतं, याचंही एक माप आहे. १९४१ मध्ये अमेरिका लोकशाहीचं शस्त्रागार असल्याचं सांगत होती आणि शस्त्रं बनवणारे कित्येक कारखाने काळ्या कामगारांना दारात उभं करत नव्हते. कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी जाहीर केलं की १ जुलैला आम्ही लाखभर लोक घेऊन वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. वंशश्रेष्ठत्ववाद्यांच्या विरोधात भाषणं देणाऱ्या सरकारला राजधानीत ते दृश्य परवडणारं नव्हतं. आधी समजूत घालून पाहिली, ती चालली नाही. २५ जूनला रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा आदेश काढला आणि मोर्चा मागे घेतला गेला.

आदेश कारखान्यांना लागू होता, सैन्याला नव्हता. अमेरिकन सैन्य पुढे युद्ध संपेपर्यंत काळ्या आणि गोऱ्या अशा वेगळ्या तुकड्यांनीच हिटलरविरुद्ध लढलं. ही विभागणी मोडण्याचा आदेश रूझवेल्ट यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ ला. त्या वर्षी युद्ध नव्हतं, पण रँडॉल्फ होते, आणि आता ते काळ्या तरुणांना भरतीलाच नकार द्या असं सांगत होते.